डाउनलोड करणारा आणि वाटणारा एकच

सुरंगी हे दादरा नगर हवेलीतलं, सिल्वासाजवळचं गाव. धाग्याचे कारखाने, त्यांच्या पाळ्या आणि पोटासाठी बाहेरून आलेले कामगार ही या सगळ्या पट्ट्याची आजची ओळख. एका खोलीत चार-पाच जण राहतात तिथे टीव्ही कुणी विकत घेत नाही. करमणूक म्हणजे हातातला मोबाईल. अशा कामगार वस्त्यांमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत सिनेमा ज्या वाटेने फिरायचा ती वाट इंटरनेटवरून जातच नव्हती. एकाने कुठून तरी मिळवलेला सिनेमा ‘शेअरइट’ किंवा ‘झेंडर’ लावून दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकायचा, त्याने तिसऱ्याच्या. मध्ये ना सर्व्हर, ना कंपनी, ना डेटापॅकचा खर्च. संगणकवाले ज्याला ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात त्याचं हे सर्वांत साधं रूप. ते वापरणाऱ्या बहुतेकांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल.

29 जून 2020 ला केंद्र सरकारने 59 अ‍ॅपवर बंदी घातली. बोलबाला टिकटॉकचा झाला, पण त्याच यादीत शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही नावं होती. बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली होती आणि कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षिततेचं आणि लोकांच्या माहितीच्या गळतीचं. सिनेमाच्या चोरीशी तिचा काही संबंध नव्हता. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने शेअरइटच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या त्रुटी जाहीर केल्या. फोनमधलं दुसरं एखादं खोडसाळ अ‍ॅप त्या त्रुटींचा फायदा घेऊन शेअरइटच्या परवानग्यांवर स्वतःचा कोड चालवू शकत होतं. ज्याला आपण फाइल्स, कॅमेरा, लोकेशन अशा झाडून सगळ्या परवानग्या देऊन बसलो, त्याचंच दार उघडं होतं.

म्हणजे फाइलींच्या या देवघेवीत दोन वेगळे प्रश्न आहेत: हे कायद्यात बसतं का, आणि यात आपला फोन, आपला संगणक, आपली माहिती शाबूत राहते का. बोलताना लोक दोन्हींची सरमिसळ करतात. ‘अरे, कुणी पकडत नाही’ म्हणून एक जण निर्धास्त असतो, तर दुसरा ‘अँटिव्हायरस टाकलाय’ म्हणून. दोघांचंही उत्तर अर्धं आहे. या दोन्ही प्रश्नांचं मूळ मात्र एकाच ठिकाणी सापडतं: या व्यवस्थेत घेणारा माणूस त्याच क्षणी देणाराही झालेला असतो.

कायद्यापासून सुरुवात करू. सुरंगी केंद्रशासित प्रदेशात असलं तरी तिथलं उच्च न्यायालय मुंबईचंच. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयात जुलै-ऑगस्ट 2016 मध्ये जे घडलं ते इथल्या माणसालाही लागू पडतं. ‘ढिशूम’ हा हिंदी चित्रपट 29 जुलैला लागायचा होता. निर्मात्यांपैकी इरॉस इंटरनॅशनल ही कंपनी आधीच न्यायालयात गेली, चोरट्या प्रती मिळतील अशा वेबपत्त्यांची यादी घेऊन. हे सगळे पत्ते बंद करावेत, अशी मागणी. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी यादी आहे तशी मान्य केली नाही. एखादी साइट अख्खीच्या अख्खी का बंद करायची? नेमक्या कोणत्या पत्त्यावर काय आहे ते तपासून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. आंधळेपणाने कुलपं ठोकण्याची जी रीत तोवर पडली होती, तिला त्यांनी चाप लावला.

मग ती प्रसिद्ध पाटी आली. बंद केलेला पत्ता उघडायला गेलं की पडद्यावर इशारा झळकू लागला: या पत्त्यावरची बेकायदा प्रत पाहणं, डाउनलोड करणं, दाखवणं किंवा तिची नक्कल करणं हा भारतीय कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की टॉरेंटची साइट नुसती पाहिली तरी तुरुंगात जाल. एकच घबराट उडाली. ऑगस्टच्या अखेरीस पटेल यांनीच त्या पाटीतला ‘पाहणं’ हा भाग खोडून काढला. गुन्हा पाहण्यात नाही. हक्कधारकाला बाधक होईल असं वितरण करण्यात, जाहीर प्रदर्शन करण्यात किंवा परवानगीवाचून विकण्या-भाड्याने देण्यात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाटीचा मजकूर बदला, ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याला दाद कुठे मागायची तेही त्यात लिहा, असं त्यांनी बजावलं.

टॉरेंटवाल्यांच्या गोटात या निकालाचा अर्थ सोयीस्कर लावला गेला: ‘बघणं गुन्हा नाही, कोर्टानेच सांगितलंय.’ खरं आहे, पण टॉरेंटमध्ये माणूस नुसता बघत नसतो.

अमेरिकेतल्या ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने 2001 मध्ये बिटटोरेंटची पद्धत जगापुढे आणली. त्याच वर्षी ‘नॅपस्टर’ ही गाणी वाटून घेण्याची पहिली मोठी सेवा न्यायालयाच्या दणक्याने बंद पडली होती. नॅपस्टरमध्ये कुणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी एका मध्यवर्ती संगणकावर असे. तो बंद केला की खेळ खल्लास. कोहेनने जुळवलेली रचना निराळी आहे. एक मोठी फाइल घ्यायची, तिचे शेकडो-हजारो तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा काढायचा आणि ते ठसे एका छोट्या फाइलमध्ये लिहायचे. हीच टॉरेंट फाइल. सिनेमा तिच्यात नसतोच, असते ती मुख्यतः ठशांची यादी. ती उघडली की तुमचा प्रोग्राम त्या घडीला ही फाइल देवघेव करत असलेल्या जगभरच्या संगणकांची झुंड शोधतो. कुणाकडून चौदावा तुकडा, कुणाकडून नऊशेवा असं करत तो जमवत जातो. जो तुकडा सगळ्यांत कमी लोकांकडे आहे तो आधी मागायचा, हीही त्यातली एक युक्ती; म्हणजे दुर्मीळ तुकडा लवकर सगळीकडे पोचतो.

खरी मेख पुढे आहे. पहिला तुकडा तुमच्याकडे आला, ठशाशी जुळला, की तुमचा संगणक तो तुकडा इतरांना द्यायला लागतो. तुम्हाला विचारून नाही, आपोआप. जो जास्त देतो त्याला जास्त मिळावं, अशीच पद्धतीची बांधणी आहे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं: तुझ्या शेतावर माझे बैल, माझ्या शेतावर तुझे. सिनेमा पाच टक्के उतरलेला असताना तुम्ही त्या पाच टक्क्यांचे वितरक झालेले असता. पूर्ण उतरल्यावर प्रोग्राम चालू ठेवून झोपी गेलात तर रात्रभर तो सिनेमा अनोळखी लोकांना वाटत राहतो.

आता न्यायमूर्ती पटेलांचं वाक्य पुन्हा वाचा. गुन्हा वितरणात आहे. 1957 चा आपला कॉपीराइट कायदा तर कलम 2 मधल्या व्याख्येतच सांगतो की एखादी कृती लोकांना ‘उपलब्ध करून देणं’ हेसुद्धा लोकांपर्यंत पोचवणंच आहे. कुणी ती प्रत्यक्ष पाहिली की नाही याला महत्त्व नाही. कलम 63 खाली जाणूनबुजून केलेल्या अशा हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर सबळ कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा याहून कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2022 ला ‘निट प्रो इंटरनॅशनल’च्या प्रकरणात दिला. त्याआधी वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत यावर मतभेद होते. कलम 52 मध्ये खाजगी वापराची, अभ्यासाची सूट आहे, पण जगभरच्या अनोळखी माणसांना तुकडे वाटणं ‘खाजगी’ या शब्दात कसं बसवणार?

प्रत्यक्षात घरबसल्या सिनेमा उतरवणाऱ्या साध्या माणसाच्या दारात पोलीस आल्याचं आपल्याकडे क्वचितच ऐकू येतं, हेही सांगून टाकलं पाहिजे. उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कारवाईचा रोख आहे तो प्रत आधी फोडणाऱ्यावर, साइट चालवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. 2016 हे वर्ष यासाठी लक्षात राहण्यासारखं. 29 एप्रिलला ‘सैराट’ लागला. शंभर कोटींचा टप्पा गाठणारा हा पहिला मराठी चित्रपट, आणि थिएटरबाहेर रांगा असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलमधून फिरत होत्या. जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधीच फुटला, तोही ‘सेन्सॉरसाठी’ असा शिक्का पडद्यावर असलेली प्रत. पैसे घेऊन मेमरी कार्डात गाणी-सिनेमे भरून देणारी दुकानं तेव्हा गावोगाव होती. असा दुकानदार कमी शिक्षेच्या सवलतीच्या कक्षेबाहेर पडतो, कारण तो धंदाच करतो आहे. कलम 64 प्रमाणे पोलीस अधिकारी अशा प्रती वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. 2023 च्या दुरुस्तीने सिनेमॅटोग्राफ कायद्यालाही दात आले: थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

साइटींच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाचा एप्रिल 2019 चा निकाल महत्त्वाचा. एक साइट बंद केली की ती नाव बदलून दुसऱ्या दिवशी हजर होते, हा सगळ्यांचा अनुभव. न्यायमूर्ती मनमोहन यांनी ‘यूटीव्ही’च्या दाव्यात अशा नव्या पत्त्यांनाही तोच मनाई हुकूम लागू करण्याची सोय करून दिली, म्हणजे प्रत्येक वेळी नवा दावा नको. तरीही ओळखीच्या साइट नवनव्या शेपट्या लावून येतात, ही गोष्ट अलाहिदा. टेलिग्रामवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ टाकणारे स्वतःला अदृश्य समजतात त्यांनी ऑगस्ट 2022 मधला दिल्लीचाच दुसरा आदेश पाहावा: शिकवणीच्या साहित्याच्या चोरीप्रकरणी न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते द्यायला लावले.

भारतातल्या या ढिलाईची सवय झालेला माणूस परदेशी गेला की अडकतो. पुण्याहून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांना तिथे आधीच गेलेले सीनिअर सांगतात त्यात हा सल्ला असतोच: टॉरेंट लावायचं नाही. तिथे हक्कधारकांचे वकील टॉरेंटच्या झुंडीत स्वतःच सामील होतात, कोण देतंय त्यांचे आयपी पत्ते टिपतात, न्यायालयामार्फत इंटरनेट कंपनीकडून नावं मिळवतात आणि नोटीस धाडतात. एका सिनेमापायी कित्येक शे युरोची मागणी होते. जोडणी घरमालकाच्या नावावर असेल तर पाकीट त्याच्या हातात पडतं, आणि मग खोली सांभाळण्याचाही प्रश्न. अमेरिकेत जॅमी थॉमस-रॅसेट या महिलेवर 24 गाण्यांपायी चाललेला खटला अखेर 2,22,000 डॉलरच्या भरपाईवर थांबला. मधल्या एका ज्यूरीने तर 19 लाख डॉलरचा आकडा काढला होता.

वकिलांना हे पत्ते टिपता येतात, ते कुठलीही घरफोडी न करता. झुंडीतल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसतात, दिसल्याशिवाय तुकडे मागणार कुणाकडे? म्हणजे ज्या गोष्टीमुळे पद्धत चालते तीच तुम्हाला उघडं पाडते. वकिलाऐवजी तिथे हॅकर बसला असेल तर त्यालाही तेच दिसतं: अमुक पत्त्यावर संगणक चालू आहे, बाहेरून जोडणी स्वीकारतो आहे, आणि त्यावर अमुक प्रोग्रामची जुनी आवृत्ती आहे.

यावर तोडगा म्हणून व्हीपीएन सुचवला जातो. त्याने आयपी पत्ता झुंडीपासून लपतो, पण व्हीपीएन कंपनीपासून नाही. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी असं म्हटलं, तेव्हा काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून नेले. फुकटचे व्हीपीएन तर विचारूच नका. ती मंडळी पोट कशावर भरतात हा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि पत्ता लपवल्याने बेकायदा वाटप कायदेशीर होत नाही.

आता त्या गणिती ठशांकडे परत येऊ, कारण सुरक्षेबाबतचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. ठसा जुळला म्हणजे फाइल ‘चांगली’ असं लोक धरून चालतात. ठसा एवढंच सांगतो की पहिल्या माणसाने जे टाकलं तेच, अक्षर न अक्षर, तुमच्यापर्यंत पोचलं. त्याने व्हायरस टाकला असेल तर व्हायरसही तितक्याच निर्दोषपणे पोचतो.

सिनेमाच्या फाइलपेक्षा सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या ‘क्रॅक’मध्ये हा धोका कितीतरी पट जास्त, कारण क्रॅक हा मुळात चालवायचाच प्रोग्राम असतो. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ आणि माणसं करतात! फुकट ते पौष्टिक. संकुचित फाइलला पासवर्ड लावलेला असतो तोही बऱ्याचदा अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखलं जाणारं खंडणीखोर सॉफ्टवेअर घरगुती संगणकांवर पसरलं ते मुख्यतः अशा क्रॅकमधून; ते सगळ्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागतं. काही प्रकार तर गाजावाजा न करता ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड घेऊन निघून जातात. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी सहसा लपवतं, त्यामुळे ‘सिनेमा.एमपी4.ईएक्सई’ हे नाव पडद्यावर ‘सिनेमा.एमपी4’ एवढंच दिसतं. फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती शेपटी दिसेल असं करून ठेवणं हे एका मिनिटाचं काम आहे. टॉरेंटचा प्रोग्रामही त्याच्या मूळ जागेवरूनच घ्यावा, आणि तरी डोळे उघडे ठेवावे: मार्च 2016 मध्ये ‘ट्रान्समिशन’ या भरवशाच्या प्रोग्रामच्या अधिकृत साइटवरच कुणीतरी मॅकसाठीचं ‘केरेंजर’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर मिसळलेली प्रत ठेवली होती.

सिल्वासाच्या औद्योगिक पट्ट्यासाठी क्रॅकची बाब आणखी एका कारणाने गंभीर आहे. छोट्या युनिटच्या ऑफिसात डिझाइनचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर कुणीतरी ‘टाकून दिलेलं’ असतं. कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब हे अशांसाठीच आहे. सिनेमाच्या बाबतीत नुसतं पाहणारा सुटतो, सॉफ्टवेअरच्या बाबतीत नाही: चोरटी प्रत आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर नुसती वापरली तरी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद टळू शकते, पण कारखान्याच्या ऑफिसातला वापर धंद्यासाठी नाही असं कोण म्हणेल? त्यातच त्या एका संगणकावरून खंडणीखोर सॉफ्टवेअर नेटवर्कभर पसरलं की बिलं, पगारपत्रकं, सगळं ठप्प.

नुसत्या पाहण्यालाही माफी नाही असं आणखी एक क्षेत्र आहे आणि तिथे कायद्याने अजिबात सैलपणा ठेवलेला नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं-चित्रफिती शोधणं, डाउनलोड करणं हेच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असं साहित्य जवळ बाळगण्याबाबतचा कायदाही कडकपणे लावला. भलत्याच नावाखाली असं काही उतरून आलं तर ते पुढे पाठवून ‘बघ काय आलं’ करू नये. तक्रार 1930 वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावी.

नकळत भलतंच वाटलं जाण्यावरून एक जुना अपघात इथे आठवतो. गाणी वाटून घेण्याच्या लाइमवायरसारख्या प्रोग्राममध्ये आपण कोणता फोल्डर वाटायला ठेवणार ते निवडावं लागे. घाईत लोक अख्खं ‘माय डॉक्युमेंट्स’ निवडत, आणि गाण्यांबरोबर करपत्रकं, वैद्यकीय अहवाल, कर्मचाऱ्यांच्या याद्या जगजाहीर होत. फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला जवळजवळ शंभर संस्थांना पत्र पाठवून सांगावं लागलं की तुमची खाजगी माहिती या जाळ्यावर सापडते आहे. हॅकिंग नव्हतं, चोरी नव्हती. वाटायचा फोल्डर चुकला होता. बिटटोरेंटमध्ये ही भानगड नाही, पण ऑफिसच्या वायफायवर सगळी ड्राइव्ह ‘शेअर’ करून ठेवणारे आजही भेटतात.

एवढं वाचून पद्धतच वाईट असा समज होऊ नये. उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर टॉरेंटने अधिकृतपणे मिळतात. इंटरनेट आर्काइव्ह 2012 पासून आपला संग्रह टॉरेंटनेही देतं. तुमचं विंडोज 10 किंवा 11 देखील अपडेटचे तुकडे इतर संगणकांशी वाटून घेऊ शकतं. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या सेटिंगमध्ये ते फक्त घरातल्या संगणकांपुरतं ठेवता येतं, मोजून डेटा वापरणाऱ्याने तेवढं जरूर करावं.

काय खुलं आणि काय बंद हे ठरवताना ‘जुनं आहे, चालतं’ हा हिशेब मात्र फसवा. दादरा नगर हवेली 1954 मध्ये पोर्तुगीजांकडून सोडवणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके होते, आणि त्या मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला होता. हा प्रदेश मोकळा करण्यात गाण्याच्या पैशाचाही वाटा आहे! पुढच्याच वर्षी आकाशवाणी पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालं. सत्तर वर्षं उलटली, आता ते सगळ्यांचं, असं समजून त्याच्या फाइली बिनदिक्कत फिरतात. आपल्या कायद्यात लेखक-संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. ‘गीतरामायण’चे कवी ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. फडके 2002 मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा 2062 पर्यंत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं वेगळी, ती प्रकाशनापासून मोजायची. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन 2060 संपेपर्यंत. साने गुरुजींचं 1950 मध्ये निधन झालं. त्यामुळे त्यांचं ‘श्यामची आई’ हे पुस्तक 1 जानेवारी 2011 पासून कुणीही कुणालाही, हवं तर टॉरेंट लावून रात्रभर वाटावं.